पहिली जुनी होडी घेताना : बेताच्या पैशात घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यालगत कांडाळी (मासे अडकणारी उभी जाळी) टाकणारे, गरी मारणारे, वडिलांच्या किंवा दुसऱ्याच्या होडीवर काम शिकलेले आणि आता स्वतःची होडी घ्यायला निघालेले कोकणातले तरुण हे प्रश्न विचारतात. इथे बोलणं आहे ते २२ ते ३० फुटांच्या लहान होड्यांबद्दल. ट्रॉलर किंवा मोठ्या सहा सिलिंडर नौकांचा हिशेब वेगळा असतो.

हातात चार लाख आहेत. किती किमतीपर्यंतची होडी बघू?

अडीच लाखांच्या आसपासची. उरलेले दीड लाख होडीचेच आहेत, फक्त ते विकणाऱ्याला द्यायचे नाहीत. जुनी होडी दारात आली की पहिल्या दोन महिन्यांत पैसा मागते. कुठे फायबरचं काम निघतं, कुठे कार्बोरेटर, कुठे पाण्याच्या पंपाचं रबर. नांगराचा दोर कुजलेला निघतो. लाईफजॅकेट घ्यायची असतात, कागद नावावर करायचे असतात. पहिल्या काही फेऱ्यांना मासळी लागली नाही तरी इंधन जळतंच आणि सोबत आलेल्या माणसाला रिकाम्या हाती घरी पाठवता येत नाही.

सगळे पैसे होडीत घातले, महिन्याभरात इंजिन बसलं आणि दुरुस्तीला वीस हजार नाहीत म्हणून होडी सुरूच्या बनात पालथी पडली, असं एक तरी घर प्रत्येक गावात सापडेल. त्यातली बहुतेक पोरं मेहनती असतात. पैसे कमी पडत असतील तर होडी लहान घ्या, पण राखून ठेवलेल्या रकमेला हात लावू नका.

लाकडी घ्यावी की फायबरची?

पहिली होडी असेल तर फायबरची. लाकडी होडी समुद्रात छान बसते, हे जुने तांडेल (होडी चालवणारे प्रमुख) सांगतात ते खरंच आहे. पण तिला दरवर्षी वर काढणं, सांधे भरणं, तेलपाणी करणं सुटत नाही. ते काम करणारे चांगले सुतार आता फार थोड्या गावांत उरलेत, आणि लाकूड पोखरणारा समुद्री किडा तुमच्या पैशांची वाट बघत थांबत नाही.

खरी सावधगिरी हवी ती तिसऱ्या प्रकारात : जुन्या लाकडी होडीला वरून फायबर मारलेलं असतं आणि ती 'फायबरची' म्हणून विकली जाते. बाहेरून गुळगुळीत, आतून कुजकी. आतल्या बाजूने फळ्या आणि वाक (होडीच्या लाकडी बरगड्या) दिसतात का ते बघा. दिसले तर पाणी साचतं तिथल्या फळीत टोचा घालून बघा. टोचा सहज आत गेला तर परत फिरा, किंमत कितीही उतरली तरी.

वर्षात कधी घेतलेली बरी?

मे महिन्यात. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. बंदीच्या तोंडावर ज्याला होडी काढायची आहे त्याला पैसे हवे असतात, कारण पुढचे दोन महिने कमाई नसते आणि शाळेची फी, घर शाकारणी त्याच दिवसांत येते. भाव तेव्हा नरम असतो. होडी अजून पाण्यात चालती असते, म्हणजे इंजिनही पाहता येतं.

जूनमध्ये होडी ओढून, ताडपत्री घालून शाकारली की तळ बघता येतो, पण इंजिन समुद्रात चालवून बघता येत नाही. नारळी पौर्णिमेच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा सगळ्यांनाच होडी हवी असते.

होडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

आधी वेळ ठरवून जा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, ओहोटीला पोहोचा. होडी कोरड्यावर बसलेली असेल तेव्हा खालून बघा, आणि भरती येऊन ती तरंगेपर्यंत तिथेच थांबा. ओहोटी ते भरती साधारण सहा तास जातात. एवढे पैसे घालायचे तर सहा तास द्यायला हरकत नसावी. कोरड्यावर न दिसलेली गळती पाणी चढल्यावर तळात दिसते.

सोबत जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर, खडू आणि बॅटरी न्या. मुठीने दर वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगल्या फायबरचा आवाज टणक आणि मोकळा येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड भिजलं असेल तिथे तो एकदम बसका होतो. हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कानाला कळायला लागतो. बसका आवाज येईल तिथे खडूने गोल करा. सगळी होडी झाल्यावर मागे उभं राहून बघा. गोल विखुरलेले असतील तर फार काही नाही, एकाच पट्ट्यात आले असतील तर ती होडी तिथे आधी फुटलेली किंवा खडकावर बसलेली आहे.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या उभ्या फळीला द्या, जिला इंजिन अडकवतात. फायबरच्या होडीत या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी शिरून ते आतल्या आत कुजतं आणि वरून काहीच दिसत नाही. इंजिन अर्धं वर उचलून त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली दाबा. एकाने नजर फळीच्या सांध्यावर ठेवायची. फळी किंचित जरी लवली, किंवा बोल्टाभोवती केसासारखे तडे उघडताना दिसले, तर ती बदलावी लागणार. काम होतं, पण खर्चाचं आहे. एखादा बोल्ट सैल करायला सांगा. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं तर आणखी पुरावा नको.

मग पठाण, म्हणजे तळाचा लांब कणा बघा. वाळूवरून ओढून ओढून तिथलं फायबर घासतं आणि आतली जाळी उघडी पडते. नाळेवर (पुढच्या टोकावर) ताऱ्यासारखे तडे असतील तर कुठेतरी टक्कर झाली आहे. तळात फोम भरलेला असेल तर तो पाणी प्यायलेला नाही ना, हे वजनावरून कळतं. ओढायला रोज किती माणसं लागतात ते विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या होडीवाल्याला विचारा.

नवाकोरा रंग बघून खूश होऊ नका. विकायच्या आठवड्यात मारलेला रंग काय झाकतोय, ते बघायचं. उलट रंग उडालेली, शेवाळ धरलेली, पण सगळीकडून टणक वाजणारी होडी दिसली तर तिच्यासाठी थांबा.

आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन कसं तपासायचं? मला मेकॅनिकचं काम येत नाही.

तरीही अर्धी तपासणी तुम्हीच करू शकता.

गेल्या गेल्या इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर बघणं दुसऱ्या दिवसावर टाका. "भाऊ, तुम्ही येणार म्हणून चालूच करून ठेवलंय," हे वाक्य ऐकायला आपुलकीचं वाटतं, पण थकलेलं इंजिन गरम असताना पटकन चालू होतं आणि थंड असताना दोरी ओढून ओढून खांदा निघतो. तुम्हाला रोज पहाटे ते थंडच सुरू करायचं आहे.

चालू झाल्यावर मागून बारीक पाण्याची धार पडते का बघा. ती धार म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय. धार नसेल किंवा तुटक असेल तर पंपाचं रबर गेलंय, किंवा आतल्या वाटा मीठ साचून बंद झाल्यात. रबर स्वस्त आहे, वाटा बंद असतील तर नाही.

नंतर इंजिन बंद करून खालच्या गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू थोडा सैल करायला लावा. आधी तेल आलं आणि ते स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ आलं तर आत पाणी शिरतंय. पंखा काढायला सांगा. पंख्यामागे शाफ्टवर तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला सापडला तर तोच सील कापतो आणि तिथूनच पाणी जातं. आपल्याकडे जाळ्यांमध्ये फिरणाऱ्या होड्यांत हे फार आढळतं आणि दहा मिनिटांचं काम असूनही फारसं कोणी बघत नाही.

बाकीचं मेकॅनिककडे द्या, पण मेकॅनिक तुमच्या बंदरातला न्या, विकणाऱ्याच्या बंदरातला नको. त्याने कॉम्प्रेशन मोजावं. दोन सिलिंडरमधला फरक साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर इंजिन उघडावं लागेल, असं समजून भाव करा. शेवटी तीन माणसं बसवून तासभर समुद्रात पळवा. जेटीला बांधून गुरगुरणारं इंजिन काहीच सिद्ध करत नाही.

आऊटबोर्डची घ्यावी की डिझेल इंजिनाची?

इंधनाचा हिशेब मांडा, उत्तर मिळेल. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड पूर्ण वेगात ताशी पाच ते सहा लिटर पेट्रोल खातं, ९.९ चं चार लिटरच्या आसपास. आत बसवलेलं दहा अश्वशक्तीचं डिझेल इंजिन पूर्ण ताकदीला ताशी दोन ते अडीच लिटर घेतं. शिवाय डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळू शकतो, तो वेळेत हातात पडत नाही ही सगळ्या बंदरांची जुनी तक्रार असली तरी.

पण डिझेलची होडी जड असते, तिला बंदर किंवा खाडी लागते. उघड्या वाळूवर रोज ओढायची असेल, जसं मालवण-वेंगुर्ल्याच्या बऱ्याच किनाऱ्यांवर करावं लागतं, तर हलकी होडी आणि आऊटबोर्डच सोयीचं. पहिल्या होडीला १५ ऐवजी ९.९ पुरतं. वेगात पाच-सात मिनिटं वाचवायला रोज दोन लिटर जास्त जाळणं परवडत नाही.

कोणकोणते कागद बघायचे?

कागद होडी आवडायच्या आधी बघा. एकदा मन बसलं की माणूस कागदातल्या खोटी माफ करायला लागतो.

पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्र. 'आयएनडी-एमएच' ने सुरू होणारा क्रमांक त्यावर असतो आणि तोच होडीच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला असला पाहिजे. लांबी-रुंदी प्रमाणपत्राप्रमाणे आहे का, टेप लावून मोजा. इंजिनाचा क्रमांक पाटीवर वाचा आणि कागदाशी जुळवा. इंजिन बदललेलं असतं आणि कागदावर जुनंच राहिलेलं असतं, हे सर्रास होतं. क्रमांकाची पाटीच खरवडलेली असेल तर विषय संपला.

दुसरा मासेमारी परवाना. नोंदणी होडीची असते, परवाना मासेमारी करण्याचा. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली तो लागतो आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड बरेच वाढले आहेत. परवाना कोणत्या पद्धतीच्या मासेमारीसाठी आहे, तो चालू आहे का, मागचा दंड थकलेला आहे का, हे बंदरावरच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. नोंदणी-परवान्याची कामं आता रिअलक्राफ्ट या पोर्टलवरून होतात, तरी कार्यालयात एक चक्कर मारलेली बरी. तोंडी कळणाऱ्या गोष्टी पोर्टलवर नसतात.

तिसरा, बोजा. होडी संस्थेमार्फत राष्ट्रीय सहकार विकास निगमच्या कर्जातून, बँकेच्या कर्जातून किंवा सरकारी अनुदानातून घेतलेली आहे का? कर्ज फिटल्याचा दाखला आणि संस्थेचा ना हरकत दाखला लेखी घ्या. अनुदानाच्या होडीला ठरावीक काळ विकता न येण्याची अट असू शकते, तीही विचारा.

"पैसे आत्ता द्या, नावावर नंतर करू," असं म्हणतात.

नको. होडी कागदोपत्री त्याच्या नावावर असेतोवर विम्याचा दावा, परतावा, वादळानंतरची नुकसानभरपाई, सगळं त्याच्या नावावर. तो माणूस चांगला असेल, पण त्याच्या मागे त्याचे भाऊ आहेत, सावकार आहेत. नोटरी केलेला विक्री करार करा, त्यात होडीचा आणि इंजिनाचा क्रमांक घाला, बयाणा थोडा द्या आणि मोठी रक्कम नाव बदलण्याच्या अर्जावर त्याची सही झाल्यावरच बँकेतून द्या. घाईत असलेला विकणारा एक आठवडा थांबायला तयार नसेल, तर तो का थांबत नाही याचा शोध घ्या.

गुजरात किंवा कर्नाटकातून स्वस्त होडी आणली तर?

तिथली नोंदणी रद्द करून, तिथला ना हरकत दाखला घेऊन इथे नव्याने नोंदणी करावी लागते. रंगाचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. वाहतूक, हेलपाटे आणि बुडालेले दिवस धरले तर लहान होडीत वाचलेले पैसे तिथेच जातात. आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यातली घ्या, जिची आठ-दहा वर्षं लोकांनी पाहिलेली आहेत.

होडीसोबत जाळी पण देतायत. किंमत वाढवून घेऊ का?

जाळी वेगळी मोजा. उन्हात पडलेलं नायलॉन बोटांत धरून झटका दिला की तुटतं, तसं असेल तर त्याची किंमत शून्य. आस, म्हणजे जाळीच्या भोकाचा आकार, तोही बघा. राज्याने २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, त्याहून लहान मासळी मारता येत नाही. बारीक आसाची जाळी फुकट मिळाली तरी घेऊ नका. पुढच्या वर्षी त्याच पाण्यात तुम्हालाच जायचं आहे.

पैसे कमी पडतायत. व्यापारी उचल (आगाऊ पैसे) द्यायला तयार आहे, तीही बिनव्याजी. घेऊ का?

या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं.

उचल बिनव्याजी नसते. व्याज मासळीच्या भावातून कापलं जातं. समजा एक लाख उचल घेतली आणि अट अशी की सगळी मासळी त्यालाच द्यायची. रोजची सरासरी २० किलो धरा आणि लिलावापेक्षा किलोमागे २० रुपये कमी मिळाले असं धरा. दिवसाला ४०० रुपये गेले. महिन्यात वीस दिवस समुद्रात गेलात तर ८,०००. आठ महिन्यांच्या हंगामात ६४,०००. आणि मुद्दल लाखाचं लाखच उभं. बंदीच्या दोन महिन्यांत घरखर्चाला पुन्हा त्याच्याकडेच जावं लागतं, आणि मग होडी नावाला तुमची राहते.

सगळे व्यापारी वाईट नसतात. बर्फ, इंधन, अडचणीला रात्री दहा हजार, हे तेच पुरवतात. त्यांच्याशी संबंध ठेवाच, पण होडी त्यांच्या पैशातून घेऊ नका.

त्यापेक्षा घरातलं सोनं बँकेत ठेवून घेतलेलं कर्ज स्वस्त पडतं. सहकारी पतसंस्थेचं व्याज जास्त असेल, पण ते कागदावर लिहिलेलं असतं आणि फेडलं की संपतं. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतं. व्याज ७ टक्के आणि वेळेत फेडलं तर ४ टक्क्यांपर्यंत उतरतं. मात्र ते खेळत्या भांडवलासाठी आहे. इंधन, बर्फ, जाळी, मजुरी त्यातून करा, म्हणजे तुमचे स्वतःचे पैसे होडीला मोकळे होतात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत ४० टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे, पण होडीसाठीचं साहाय्य नव्या होडीला. जुन्या होडीच्या व्यवहारात ते धरू नका.

आणि तरीही पैसे जुळत नसतील तर आणखी एक हंगाम दुसऱ्याच्या होडीवर जा. त्यात कमीपणा नाही.

चुलतभावाबरोबर भागीदारीत घेतली तर?

चांगलं. दोन माणसं हवीतच. फक्त होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा आणि माणसाचा वाटा वेगवेगळा लिहून ठेवा. एकजण आजारी पडला तर त्याला काय मिळेल, एकाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कोण ठरवणार, दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे होडी घ्यायच्या आधी घरातल्या मोठ्यांसमोर बोलून घ्या. नंतर हा विषय काढला की तो भांडण म्हणूनच निघतो.

विमा मिळतो का?

जुन्या होडीचा विमा तपासणी करून मिळू शकतो. नाही मिळाला तरी माणसांचा अपघात विमा सोडू नका. मत्स्य संपदा योजनेतल्या समूह अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख मिळतात आणि मच्छीमाराला हप्ता भरावा लागत नाही. संस्थेत नाव नोंदवलेलं आहे का ते बघा. सोबत येणाऱ्या खलाशाचंही.

पहिल्या फेरीला निघायच्या आधी होडीत काय हवंच?

माणशी एक लाईफजॅकेट, अंगात घातलेलं, फळीखाली कोंबलेलं नव्हे. दोन वल्ही, इंजिन कितीही चांगलं असलं तरी. नांगर आणि पुरेसा लांब दोर. पाणी उपसायला डबा, बॅटरी, पिण्याचं पाणी, सुटा प्लग आणि तो बसवायचा पाना. फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा, कारण फोन बंद पडला तर त्यातला नंबरही जातो आणि शेजारच्या होडीवाल्याच्या फोनवरून लावावा लागतो. हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी निघू नका.

पहिला महिना बंदर नजरेत राहील एवढ्याच पाण्यात जा. इंजिन बंद पडलं तर आधी नांगर टाका, झाकण मग उघडा. झाकण उघडून वाकून बसलेल्या माणसाला होडी खडकाकडे किती सरकली हे कळत नाही.